सरळ गेलं तर वरवे

तिकिटाचं मशीन सीटच्या दांडीवर दोनदा टकटक वाजवायचं, समोर उभं राहायचं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायचं, "बोला, कुठल्या साली उतरायचं?"

पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस सकाळी सकाळीच घेऊन आलाय. मी तुसडेपणानं म्हणाले, "वेल्हे. एक." तर म्हणतात कसे, "वेल्हं तर समद्या सालात हाय मॅडम. तुमाला कुठलं पायजे?" आणि तिकीट माझ्या हातात ठेवून पुढच्या सीटकडे सरकले. मागची बाई फिसकन हसली. मी दिवसभर कचेरीत धुमसत होते.

भोरहून वेल्ह्याला जाणाऱ्या सकाळच्या एसटीचे ते कंडक्टर. गाडीत सगळे त्यांना मास्तर म्हणत, पुढं मीही म्हणू लागले. मी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत कारकून आणि राहायला भोरला, त्यामुळं रोजची त्यांच्याशी गाठ. रोजच्या गाडीचा कंडक्टर तुमच्याही आयुष्यात एखादा असेल. त्याचं नाव आपण विचारत नाही, पण त्याला सर्दी झाली तरी आपल्याला कळतं. तसं आमचं होतं.

तर हे सालाचं खूळ कुठून आलं, ते सांगते. वेल्ह्याच्या स्टँडवर गाडी पाऊण तास थांबायची. ड्रायव्हर चहाला जाई. मास्तर मागच्या बाकावर मोबाईल डब्याला टेकवून उभा करत आणि भाकरी खात खात मालिका बघत. परदेशी मालिका, हिंदीत केलेली. नसरापूर सोडलं की रेंजची बोंब, म्हणून भोरमध्येच भाग मोबाईलमध्ये भरून आणत. त्या मालिकेत एक बाई ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरते, बटण दाबते आणि दार उघडतं ते भलत्याच काळात, नाहीतर भलत्याच जगात. शहर तेच, रस्ते तेच, पण एखादी गोष्ट वेगळी. एका जगात तिचं लग्नच झालेलं नाही. दुसऱ्या जगात तिचा गेलेला भाऊ जिवंत आहे आणि तिला ओळखत नाही.

आज बघितलेला भाग उद्या सकाळी गाडीत सांगायचा, हा मास्तरांचा नेम. नसरापूरला तिकिटं काढून झाली की दाराच्या दांड्याला पाठ टेकवून सुरुवात करत. शेतावर निघालेले, बाजाराला निघालेले, शाळेचे मास्तर, सगळे कान देऊन ऐकत. अंड्यांची पाटी मांडीवर घेऊन बसणाऱ्या एक आक्का होत्या. त्यांनी एकदा विचारलं, त्या दुसऱ्या दुनियेत आमचं मालक हेच असत्याल का? मास्तर विचार करून म्हणाले, मालक हेच, पर सोभाव येगळा असंल. आक्का म्हणाल्या, "मंग वेल्ह्याला येक लिफ्ट बसवाच." गाडी अशी हसली की ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं.

ह्या दोन-दोन दुनिया होतात कशा, हे कुणालाच नीट समजत नव्हतं. ते मास्तरांनी फाट्यावर दाखवून दिलं. आमची गाडी भोरहून निघून महामार्गाला लागते. फाट्यावर डावीकडं वळलं की नसरापूर आणि पुढं वेल्हे. सरळ गेलं तर वरवे. गाडी वळायला लागली की मास्तर दारातून वाकून सरळ रस्त्याकडं हात करत आणि म्हणत, "आपुन वळलो म्हणून ती गाडी संपली का? न्हाई संपत. ती वरव्याला जातीच. फकस्त आपुन तिच्यात नसतो."

मला ह्या सगळ्याचा मनस्वी राग. कचेरीत आमच्या खिडकीशी माणसं रोज येऊन सांगतात, आज्यानं त्या दिवशी अंगठा दिला नसता तर आज असं झालं नसतं. मी म्हणते, दिला ना? मग पुढचं बोला. जर-तर करत बसायला सरकार मला पगार देत नाही. आणि इथं सकाळच्या पारी गाडीत बसावं तर हा माणूस अख्ख्या गाडीला जर-तर शिकवतोय.

शिवाय सगळ्यांना विचारायचं, मागं जायला मिळालं तर कुठल्या दिवशी उतराल? कॉलेजची पोरगी म्हणाली, गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी. एक आजोबा म्हणाले, बैल विकला त्या दिवशी. मी म्हणाले, कुठल्याच नाही. मास्तर हसले. "मॅडम खोटं बोलत्यात." खोटं होतंच, ते जाऊ द्या. पण त्यांना उलटं विचारलं की हात झटकून म्हणत, "कंडक्टरला मदी उतरायची परवानगी नसती."

एका वर्षी मालिकेत एक म्हातारा आला. हा म्हातारा दर साली जत्रेच्या आदल्या दिवशी नारळ घेऊन लेकीच्या सासरी जायचा आणि लेक-नात घेऊन परत यायचा. नात त्याच्या खांद्यावर बसून पालखी बघायची. गोडी शेव मागायची. आजा म्हणून हाक मारायची, बोलून बोलून त्याचं डोकं खायची. गाडीतल्या बायकांना लिफ्टवालीपेक्षा हा म्हातारा आवडायला लागला. त्या सकाळी चढतानाच विचारायच्या, नात केवढी झाली? मास्तर सांगायचे, दात पडलाय पुढचा. किंवा, शाळेत घातली.

परदेशी मालिकेत गोडी शेव कुठून आली, हा प्रश्न मला पडला, नाही असं नाही. मास्तर पदरचं तिखटमीठ लावतात, एवढंच मी समजले. पुढं माझी मुलगी घरी तीच मालिका बघते असं कळलं, म्हणून एका रविवारी तिच्याशेजारी बसले. पाच-सहा भाग बघितले, पण म्हातारा काही येईना. शेवटी तिलाच विचारलं. तिनं पहिल्यापासून सगळे भाग पाहिलेले. ती म्हणाली, "आई, यात म्हातारा कुणी नाहीच आहे."

त्यानंतर आठवड्याभरातच आमच्या खिडकीशी एक तिशीतली बाई उभी राहिली. माहेरच्या गावचा दाखला हवा होता. अर्जावर वडिलांचं नाव वाचलं, धंद्यापुढं "एसटी वाहक" वाचलं आणि मी वर बघितलं. तेच कपाळ, तीच जाड भुवई. मी म्हणाले, अहो, तुमचे वडील तर आमच्या गाडीला असतात. ती शांतपणे म्हणाली, "माहीत आहे. म्हणूनच मी टेम्पोनं आले."

मी तिला आत बोलावून बसवलं. काम बाजूला पडलं तर पडलं. वरव्याजवळच्या कारखान्यातल्या एका मुलाशी तिनं कुणाला न विचारता रजिस्टर लग्न केलं होतं. पाया पडायला दोघं घरी आली, तेव्हा मास्तरांनी अख्ख्या भावकीसमोर सांगितलं, आजपासून या दाराला तुझं पाऊल नको. त्याला नऊ वर्षं झाली होती. राग तर कधीच विरला होता. आई फोनवर बोलायची आणि फोन आला की वडील मुद्दाम अंगणात जाऊन उभे राहायचे, म्हणजे माय-लेकींना मोकळं बोलता यावं. आईकडून निरोपही आला होता, यायचं तर ये, दार काय लावून घेतलंय का?

पण आमच्याकडं लेक जत्रेला अशी पिशवी उचलून येत नाही. माहेराहून मुराळी जावा लागतो तिला आणायला. भाऊ, चुलता, कुणी नसेल तर बाप. मुराळ्याशिवाय आली तर गावच्या बायका पहिलं हेच विचारतात, कोण गेलं होतं गं आणायला? तिला भाऊ नव्हता. चुलता मास्तरांच्या शब्दाबाहेर नव्हता. म्हणजे जायचं तर बापानंच.

"चारचौघांत हाकललं," ती म्हणाली. "मग चारचौघांत न्यायला नको यायला?"

जाता जाता तिनं आणखी एक सांगितलं. दर वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी ती रजा टाकते, स्वतःचे आणि मुलीचे कपडे पिशवीत भरून ठेवते आणि संध्याकाळी पिशवी रिकामी करते. हे सांगताना रडली वगैरे नाही. दाखला घडी करून पर्समध्ये ठेवला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला गाडी रिकामी झाली तरी मी बसूनच राहिले. कचेरीला उशीर झाला असता, होऊ दे म्हटलं. मास्तर मोबाईल डब्याला टेकवत होते. मी म्हणाले, "मास्तर, त्या मालिकेत म्हातारा नाही."

त्यांनी मोबाईल पालथा ठेवला. मग भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून सांगायला लागले. तीन वर्षांपूर्वी जत्रेच्या आदल्या दिवशी त्यांनी रजा काढली होती. धुतलेली टोपी घातली, पिशवीत नारळ आणि लेकीला साडी घेतली आणि फाट्यावर उतरले. वडापची, सीटा भरून नेणारी जीप उभी होती, वरवे वरवे म्हणून ओरडत होती. एक पाय जीपमध्ये टाकला आणि मनात आलं, व्याह्याच्या दारात नारळ घेऊन उभा राहिलो आणि पोरगी न्हाई येत म्हणाली, तर? पाय काढून घेतला. रस्ता ओलांडून उलटी गाडी धरली. नारळ वाटेतल्या देवाला देऊन टाकला.

"त्या म्हाताऱ्यानं दुसराबी पाय टाकला, मॅडम," ते म्हणाले. "येवढाच फरक."

मला काय झालं कोण जाणे, माझा आवाज चढला. मी म्हणाले, त्या दिवशी ती पिशवी भरून बसली होती. दर वर्षी बसते. संध्याकाळी रिकामी करते. तुम्ही अख्ख्या गाडीला दुनिया शिकवताय आणि स्वतःची दुनिया फाट्यापासून जीपनं पंधरा मिनिटांवर आहे. लाज कशी वाटत नाही हो? वयानं मोठ्या माणसाला असं बोलू नये, कळत होतं, पण बोलले.

ते रागावले नाहीत. कुणी सांगितलं, त्यांनी विचारलं. तिनंच, मी म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कशी दिसती आता?"

"तुमच्यासारखीच. हट्टी."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर नुसतं "कुठं उतरायचं?" विचारायला लागले. गोष्ट बंद झाली. बायका माझ्याकडं संशयानं बघायच्या, जसं मीच काहीतरी केलं. मलाही वाटायला लागलं, उगाच नाक खुपसलं. माणूस ज्या आधारावर उभा होता तोच काढून घेतला आपण. जत्रा चैत्रात आणि मास्तर रिटायर व्हायचे होते फाल्गुनात. म्हणजे फाट्यावरून रोज जाणंही संपणार होतं. ते आता वरव्याला जातात का घरीच बसतात, ह्या एका काळजीनं माझी झोप उडाली होती.

शेवटच्या दिवशी गाडीतल्या बायकांनी त्यांना शाल-नारळ दिला. नारळ हातात ठेवताना अंडीवाल्या आक्का म्हणाल्या, "ह्यो घरी फोडायचा न्हाई, मास्तर. ह्यो घिऊन कुठं जायचं त्ये तुमाला ठावं हाय." मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. मला मालिका बघावी लागली, मुलीला विचारावं लागलं, दाखला द्यावा लागला. आक्कांना म्हातारा कोण ते पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी फाट्यावर थांबली. मी खिडकीतून बघत होते. खोटं कशाला सांगू, महामार्गाला लागल्यापासून जीव मुठीत धरून बघत होते. धुतलेली टोपी दिसली. शेजारी ती, आणि तिची ओढणी घट्ट धरलेली सहा-सात वर्षांची मुलगी. आक्कांनी पाटीवरचा हात काढून पदर डोळ्याला लावला.

नव्या कंडक्टरनं विचारलं, कुठं उतरायचं? मास्तरांनी गावाचं नाव सांगितलं. "येक फुल, दोन हाफ." लेक-नात सीटवर बसल्या. शेजारी जागा होती, पण मास्तर सवयीनं दाराच्या दांड्याला टेकून उभेच राहिले. नसरापूर मागं पडल्यावर आक्कांना राहवेना. त्यांनी विचारलं, "मास्तर, त्या म्हाताऱ्याचं फुडं काय झालं?"

मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "नात वळखत न्हाई त्याला, आक्का. आजा म्हणत न्हाई. शेव दिली तर नगं म्हणती."

"म्हनंल की," आक्का म्हणाल्या. "जत्रा दोन दिस हाय."

नातीला हे आपल्याबद्दल चाललंय, हे कळलं असावं. ती त्यांच्याकडं टक लावून बघत होती. मग आईला विचारलं, पण सगळ्या गाडीला ऐकू गेलं, हे बसत का नाहीत? लेकीनं सरकून मधे जागा केली. मास्तर आले आणि पाहुण्यांच्या घरी बसावं तसे सीटच्या अगदी कडेला टेकले.

त्यांचं गाव वेल्ह्याच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच. तिघं उतरली. पुढं माझी भोरला बदली झाली आणि ती गाडीच सुटली, त्यामुळं मी मास्तरांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. दार लागलं, तरी गाडी हलेना. नवा कंडक्टर मशीनमध्ये डोकं घालून बसला होता. मग सवयीप्रमाणं मास्तरांनी बाहेरून पत्र्यावर थाप मारली, एक, दोन. ड्रायव्हरनं गियर टाकला. आणि लगेच खाली, बरंच खाली, चाकाच्या वरच्या पत्र्यावर आणखी दोन बारीक थापा पडल्या.