उरलेल्या रंगाचं काय करायचं

मुलुंडच्या आमच्या नव्या घरात सोफ्यामागची भिंत रिकामी होती, आणि तिच्यासाठी माझ्या नणंदेनं धावत्या सात घोड्यांचं चित्र आणून ठेवलं होतं. वास्तूला चांगलं असतं म्हणे. घोड्यांशी माझं वैर नाही, पण रोज चहा पिताना सात जण मानेवर धावून येणार, हे काही झेपेना. म्हणून बोलून गेले, "वन्सं, त्या भिंतीसाठी मीच चित्र काढतेय. अ‍ॅबस्ट्रॅक्ट."

हा शब्द मी फोनवरच्या व्हिडिओत ऐकला होता. त्यातली बाई कांदा परतायला लागतो तेवढ्या वेळात चित्र संपवायची. मला वाटलं, ज्यात कशासारखं काही दिसायलाच नको, ते चुकणार तरी कसं?

"काढा हो वहिनी," वन्सं म्हणाल्या. "पूजेला येईन तेव्हा बघते. नाही जमलं तर घोडे आहेतच."

घोडे पेपरात गुंडाळून दाराआड उभे राहिले. वाट बघत.

पहिल्या दिवशी जुन्या ताटलीत रंग काढून कॅनव्हासवर निळा आणि पिवळा लावला, झकास दिसलं. मग केशरी घेतला, हिरवा घेतला, आणि दोनतीन दिवसांत सगळ्याचा मिळून चिखल झाला. वरून पांढरा मारला, सुकू दिला, पुन्हा नव्यानं सुरू केलं. पुन्हा चिखल. आमचे हे चष्म्यावरून बघून म्हणाले, "अंगण छान सारवलंयस." त्या दिवशी त्यांचा चहा जरा पाणचटच झाला.

शेवटी मीच कंटाळले. एका दुपारी घोडे सोडवले, खिळ्याला लावले, समोर बसून चहा प्यायले. कप संपायच्या आत उठले, घोडे उतरवले आणि ब्रश हातात घेतला. हट्ट म्हणा, दुसरं काय.

हे बराच वेळ बघत होते. संध्याकाळी म्हणाले, "अगं, एक विचारू? रोज शेवटी ती ताटली चित्राला पुसतेस कशाला?"

"पुसत कुठे, उरलेला रंग लावून टाकते."

"का?"

आता का म्हणजे काय? उभा जन्म माझ्या घरात रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी पडली, शिळ्या पोळीचा कुस्करा झाला. चांगला रंग ताटलीत उरला तर तो संपवायचा नाही? निळा उरला, लावला. केशरी उरला, त्यावर लावला. आणि चिखल कुठून येतो म्हणून मी व्हिडिओतल्या बाईला नावं ठेवत होते.

"नळाखाली धर ती ताटली," हे म्हणाले.

"चांगला रंग?"

"मग घोडे लाव."

दुसऱ्या दिवशी परत पांढरा मारला. या वेळी धीर नव्हता, ओला असतानाच घावणाच्या उलथन्यानं खरवडला. खालचा चिखल रेषारेषांनी वर आला, आणि पांढऱ्याशेजारी तो चक्क बरा दिसला. जरा निळा, जरा केशरी लावला. मग थांबले. थांबणं सगळ्यात कठीण हो, कारण ताटलीत केशरी भरपूर होता. तो नळाखाली धरला आणि दुसरीकडे बघत राहिले. तरी निम्माच गेल्यावर नळ बंद केला आणि उरलेला बोटानं कोपऱ्यात टेकवलाच.

सत्यनारायणाच्या दिवशी वन्सं चित्रासमोर उभ्या राहिल्या. प्रसादाचा शिरा खात खात बराच वेळ बघितलं.

"सरळच लावलंय ना?"

"हो." मलाही खात्री नव्हती.

"छान आहे हो. पण कोपऱ्यात हा केशरी गोळा कसला?"

आता काहीतरी मोठं बोलावं असं मनात आलं. सूर्योदय वगैरे. पण तोंडातून खरं तेच निघालं, "उरलेला होता."

"हां," वन्सं म्हणाल्या आणि वाटीतला शेवटचा शिरा बोटानं निपटला. "टाकवत नाही ना."

चित्र तिथेच आहे. घोडे बेडरूममध्ये गेले, ह्यांच्या बाजूला.