डेल्फ्टला पाहुणी म्हणून गेले आणि पाच खोल्या लावून आले

मी फिलोमिना. मूळची वसईची, राहते मस्कतजवळ सीबला, आणि अठरा वर्षं मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगमध्ये आहे. चादरी अंथरण्याच्या कामाला लागले होते, आता चार मजल्यांची सुपरवायझर आहे. पण इतक्या वर्षांत हॉटेलच्या पलंगावर पाहुणी म्हणून एकदाही झोपले नव्हते. आमची सुट्टी म्हणजे वसई, आणि वसई म्हणजे बंद घराची झाडलोट, भेटीगाठी, आणि परत येताना बॅगेत सुकी मासळी.

यंदा लग्नाला वीस वर्षं होणार होती. माझा नवरा सायमन रुसैलच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फोरमन आहे. बोलणं मोजकं. जानेवारीतल्या एका शुक्रवारी चर्चमधून मिस्सा करून घरी आल्यावर बूट काढता काढता तो म्हणाला, "फिलू, यंदा वसई नको. जिथे दुसरं कोणीतरी तुझा पलंग लावेल अशा ठिकाणी जाऊ. तू चादरीला हातसुद्धा लावायचा नाही."

"कुठे जायचं?"

"तू ठरव. हॉटेलातलं तुला जास्त कळतं."

आमच्याकडे उतरणारे डच पाहुणे नेहमी म्हणतात की ॲमस्टरडॅममध्ये माणसंच बघावी लागतात, त्यापेक्षा डेल्फ्टला जा. जुनं गाव, कालवे, निळी-पांढरी चिनीमाती, आणि सगळं पायी फिरण्याजोगं. ठरलं.

हॉटेल निवडायला मला तीन आठवडे लागले. माझी पद्धत सांगते, तुमच्या उपयोगी पडेल. फोटोतला पलंग बघायचा नाही, तो सगळ्यांचा सुंदरच असतो. पडद्याची खालची कड बघायची आणि न्हाणीघरातल्या फरश्यांचे सांधे बघायचे. सांधे काळे असतील तर पुढे. अभिप्रायांत 'खोली लहान पण स्वच्छ' असं चार जणांनी लिहिलं असेल तर डोळे मिटून घ्यायचं. एप्रिलच्या शेवटी तिकडे राजाच्या वाढदिवसाचा सण असतो, तेव्हा भाव चढतात, म्हणून आम्ही मेचा दुसरा आठवडा धरला. शेवटी कालव्याकाठचं सात खोल्यांचं एक छोटं हॉटेल मिळालं. मालकीण हानेके, वय सत्तरच्या आसपास. तिने ईमेलला स्वतः उत्तर दिलं: "खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिना फार उभा आहे. तरी याल का?" इतकं खरं लिहिणारी बाई मला आवडली.

व्हिसासाठी मस्कतच्या व्हिसा केंद्रात भेटीची वेळ दोन महिने आधी घ्या. कंपनीचं पत्र, पगाराचा दाखला, बँकेचे कागद, रेसिडेंट कार्डाची मुदत, सगळं तपासून न्या. रद्द करता येईल असंच हॉटेल बुक करा. खिडकीतल्या मुलीला मी विचारलं, "मिळेल ना?" ती म्हणाली, "इन्शाल्ला." बारा दिवसांनी मिळाला.

गुरुवारी सकाळी दोहामार्गे ॲमस्टरडॅमला उतरलो. मस्कतला आदल्या दुपारी बेचाळीस अंश होते, इथे बारा. विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. तिकीट काढत बसायची गरज नाही; बँकेचं कार्ड यंत्राला लावून आत जायचं आणि उतरल्यावर पुन्हा लावायचं. दुसऱ्यांदा लावायला विसरलात तर भुर्दंड पडतो. पाऊण तासात डेल्फ्ट.

स्टेशनपासून हॉटेल दहा मिनिटांवर. पण पहिल्याच वळणावर सायमन सायकलींच्या लाल रस्त्यावर मधोमध उभा राहून घरांचे फोटो काढू लागला आणि मागून घंट्यांचा गजर झाला. एक आजीबाई पिशव्यांसकट सुसाट निघून गेल्या. इथे गाड्यांना भिऊ नका, सायकलींना भ्या.

कालवे बघून मला निझवाकडचे फलज आठवले, डोंगरातून खजुराच्या बागांत पाणी नेणारे अरुंद पाट. इथलं पाणी रुंद आणि हिरवं, पण लोकांच्या दाराशी तसंच मुकाट्याने वाहणारं. काठाला कठडा नाही. बदकं रस्त्यावर, नावा दाराशी. सायमनची नजर मात्र वर, प्रत्येक घराच्या माथ्यावरून पुढे आलेल्या तुळईवर आणि तिच्या आकड्यावर.

"जिने अरुंद, म्हणून सामान बाहेरून दोराने वर चढवतात," तो खूश होऊन म्हणाला. "काय डोकं आहे!"

आमच्या बॅगा मात्र आतूनच चढवाव्या लागल्या. जिना कसला, शिडीच ती. वर खोली लहानशी, खिडकीखाली कालवा, समोर चर्चचा मनोरा. मी सवयीने पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाटाच्या वर बोट फिरवलं. धूळ नाही.

"तपासणी झाली?" सायमनने विचारलं.

"पास," मी म्हणाले आणि त्या पलंगावर आडवी झाले. दुपारी तीन वाजता, बुटांसकट! वीस वर्षांतलं माझं सगळ्यात मोठं पाप.

गुरुवारी मुख्य चौकात बाजार भरतो, तो चुकवू नका. चीज, फुलं, भाजी, आणि गरमागरम गोड वेफर, ज्याच्या पोटात पाक असतो. शुक्रवारी चौकातल्या नव्या चर्चच्या मनोऱ्यावर चढलो. 'नवं' म्हणजे पाचशे वर्षांहून जुनं. पायऱ्या साडेतीनशेच्या वर, गोल फिरत जाणाऱ्या. वरून लाल कौलांचं अख्खं गाव आणि लांबवर समुद्राच्या बाजूचं आभाळ दिसतं. दुपारी चिनीमातीच्या कारखान्यात एक बाई बारीक कुंचल्याने बशीवर पवनचक्की रंगवताना बघितली. बशीची किंमत बघून आम्ही त्याच मातीची एक छोटी फरशी घेतली.

आणि मग शनिवार आला.

शनिवारी कालव्याच्या काठाने जुन्या वस्तूंचा बाजार लागतो. तिकडे जायचं म्हणून नाश्ता करत होतो, तेवढ्यात जिन्यावर धडधड आवाज झाला. धावत गेलो तर हानेके सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेली, भोवती चादरी पसरलेल्या, उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं. चेहरा पांढरा. मनगट मोडलंय हे सांगायला डॉक्टर नको होता. सायमनने शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, त्याने गाडी काढली.

गाडीत बसता बसता हानेके माझ्याकडे वळून म्हणाली, "एक उपकार करा. टेबलावर वही आहे, तिच्यातल्या नंबरवर फोन करून सांगा की येऊ नका. आज तीन वाजता एक कुटुंब येतंय, पाच खोल्या. त्यांच्या आजोबांचा ऐंशीवा वाढदिवस आहे. आणि माझी मदतनीस आज बहिणीच्या लग्नाला गेलीय."

"फोन नको करायला," माझ्या तोंडून निघून गेलं. "मी लावते खोल्या. माझं कामच ते आहे."

"तुम्ही पाहुण्या आहात."

"किल्ल्या कुठे असतात तेवढं सांगा."

तिने डाव्या हाताने एप्रनच्या खिशातून जुडगा काढून दिला. गाडी गेली. मागे वळले तर सायमन माझ्याकडे बघत होता. इतकं चिडलेलं मी त्याला क्वचित पाहिलं आहे.

"काय बोललो होतो मी?" तो म्हणाला. "दोन वर्षं ओव्हरटाइम केला मी. का, तर पाच दिवस तरी तू कोणाची चादर उचलू नयेस म्हणून. इथेही तू मोलकरीणच?"

तो शब्द मला लागला. "मोलकरीण? अठरा वर्षं तू माझं काम असं समजतोस?"

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग काय म्हणायचं होतं?"

तो जॅकेट उचलून बाजाराच्या दिशेने निघून गेला. मी कालव्याकाठी किल्ल्या घेऊन उभी. रडू येत होतं, पण घड्याळात सव्वादहा झाले होते आणि पाच खोल्या होत्या.

पहिल्या खोलीने माझा घाम काढला. ट्रॉली नाही. बाटल्यांवर सगळं डचमध्ये, वास घेऊन ओळखायचं कुठली फरशीची आणि कुठली काचेची. आणि पलंग! मोठ्या पलंगावरही तिकडे दोन माणसांना दोन वेगळ्या दुलया. वरची चादर नाहीच. नवराबायकोची दुलईवरून भांडणं होऊ नयेत म्हणून असेल. आमच्या खोलीचा पलंग कसा लावलाय ते धावत जाऊन बघून आले आणि तस्साच लावला. दुसऱ्या खोलीपर्यंत हात बसला. खिडक्या उघड्या होत्या, मनोऱ्यातल्या घंटा वाजत होत्या, आणि मिनिटं मोजणारं कोणीही नव्हतं. गंमत सांगते, राग होता तरी मी गुणगुणत होते.

तिसऱ्या खोलीत गुडघ्यावर बसून न्हाणीघर पुसत होते, तेव्हा दारात सायमनचे बूट दिसले.

"राग गेला?" मी मान वर न करता विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पण या जिन्यावरून एवढ्या चादरी खाली कोण नेणार? तू पडलीस म्हणजे?"

मी वापरलेल्या चादरींचा बोळा त्याच्याकडे फेकला, त्याने झेलला. "यल्ला, चला," म्हणत गाठोडं खांद्यावर मारून तो खाली गेला. मग दोन तास आम्ही दोघं. तो वापरलेलं खाली न्यायचा, धुतलेलं वर आणायचा. चौथ्या खोलीतला नळ टपटपत होता, तर जिन्याखालची हत्यारांची पेटी शोधून त्याने तोही दुरुस्त केला. मी त्याला उशीला अभ्रा घालायला शिकवलं. वीस वर्षांचा संसार, आणि हे पहिल्यांदाच.

"चादरीचा कोपरा असा आत का दुमडायचा?" त्याने विचारलं.

"रात्री पाय ताणले तरी सुटत नाही."

"हं," म्हणाला आणि पुढचा कोपरा स्वतः दुमडला. वाईट दुमडला. तो खाली गेल्यावर मी सरळ केला.

दोन वाजून वीस मिनिटांनी शेवटचं दार ओढलं. "खलास!" सायमन जिन्यातच बसला.

हानेके प्लास्टर घालून परतली आणि कोणाचं न ऐकता वर चढली. एकेका खोलीत गेली. डाव्या हाताने चादरीची कड चाचपली, आरशासमोर तिरकी उभी राहून डाग शोधले. मी मागे उभी, जणू माझी पहिली नोकरी. पाचव्या खोलीत ती पलंगासमोर थांबली. डोळे भरून आले होते. "माझ्या आईनंतर असं काम मी पाहिलेलं नाही," ती म्हणाली.

तीन वाजता ते कुटुंब आलं, फुगे घेऊन. काय घडलं ते त्यांना कळलंही नाही.

हानेके आमच्या मुक्कामाचे पैसे परत देऊ लागली. सायमन आडवा आला. "नको. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून मी हिला दिलेली भेट आहे ही. तुम्ही पैसे परत केलेत तर मी काय दिलं?" ती हसली. "मग उद्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात जेवायला या."

रविवारी आम्ही चौकाच्या मागच्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्साला गेलो. मस्कतला सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमची मोठी मिस्साही शुक्रवारी. कित्येक वर्षांनी रविवारची मिस्सा रविवारी ऐकली. भाषा डच, पण कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे ते शरीराला ठाऊक असतं. मग एक नंबरच्या ट्रामने समुद्रावर गेलो. तिथे कच्चा हेरिंग मासा कांद्यासोबत खातात, शेपटी धरून थेट तोंडात. आम्ही वसईकर, माशाला कशाला भिणार? पहिला घास जपून, दुसरा मासा आनंदाने.

संध्याकाळी हानेकेने एका हाताने आणि शेजारणीच्या मदतीने पांढरी शतावरी, उकडलेली अंडी आणि हॅम असं जेवण केलं होतं. ती शतावरी फक्त याच दिवसांत मिळते, दिसली तर खा. मी मस्कतच्या जुन्या बाजारातून, मत्रहच्या सूकमधून नेलेली खजुरांची पेटी तिला दिली. बाहेर साडेनऊपर्यंत उजेड होता.

"खोलीत शिरल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय बघता?" तिने मला विचारलं.

"बघत नाही, वास घेते," मी म्हणाले. "आदल्या पाहुण्याचा वास राहिला असेल तर बाकी सगळं वाया."

"अगदी बरोबर! मी आधी छताकडे बघते. पाहुणा आडवा झाला की त्याला छतच दिसतं ना."

हे मला कधी सुचलं नव्हतं. मग आम्ही दोघी सुटलोच. डाग, पडदे, रडणारे पाहुणे, खोलीत विसरलेल्या वस्तू. मी तिला सांगितलं, एकदा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बायको वारल्यावर दोघं पूर्वी राहिले होते तीच खोली मागितली होती आणि मी तिच्या बाजूची दुसरी उशीसुद्धा लावून ठेवली. जाताना त्यांनी माझा हात धरला.

सायमन काटा खाली ठेवून ऐकत होता. परत खोलीत चढताना जिन्याच्या मध्यावर तो थांबला.

"हे उशीचं तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

"हो," तो म्हणाला. "चुकलं माझं. तो शब्दही चुकला."

मंगळवारी परतलो. मस्कतच्या विमानतळाबाहेर पडताच चष्म्यावर वाफ धरली. बुधवारी मी कामावर, तो रुसैलला. डेल्फ्टला जावं का? जरूर जा. चार रात्री पुरतात. हॉटेल लहान घ्या, बॅग हलकी ठेवा, सायकलींना वाट द्या. आमच्या फोनमध्ये मनोऱ्याचे दोनशे फोटो आहेत, ते अजून कोणी धड पाहिले नाहीत. त्या पाच खोल्यांचा एकही नाही, पण त्या मला पडद्यांसकट आठवतात.

घरात एक बदल झालाय. पूर्वी संध्याकाळी कामावरून आल्यावर सायमन विचारायचा, जेवायला काय? आता चहा घेऊन स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसतो आणि विचारतो, "आज कुठल्या खोलीने छळलं?" परवा मी म्हणाले की सहाव्या मजल्यावर एका बाईंनी तीनदा चादर बदलायला लावली, आणि तिसऱ्यांदा गेले तेव्हा कळलं की त्यांना चादर नकोच होती, कोणीतरी बोलायला हवं होतं.

"मग?" सायमन म्हणाला.

मी गॅस बारीक केला आणि त्याच्यासमोर बसून सांगू लागले.