दणक्याची नेमणूक

दणका माणसाला आधी मारायचा आणि मग नाव विचारायचा. नांदुऱ्याच्या बसस्टँडवर माझ्या डोळ्यांदेखत त्याने एका इसमाच्या कानाखाली वाजवली, कॉलर धरून त्याला उभं केलं आणि विचारलं, "कोन बे तू?" इसमाने रडवेल्या आवाजात नाव सांगितलं. "बरं, मंग तो तू नव्हे," असं म्हणून दणका त्याला रसवंतीत घेऊन गेला. दुसरा ग्लास संपेपर्यंत दोघं जिगरी दोस्त झाले होते. पुढे त्याच इसमाच्या लग्नात दणक्याने कंबर कसून वाढपाचं काम केलं आणि मुलीकडच्या दोघांना बुंदीच्या झाऱ्याने झोडपलं.

असला माणूस मी साता समुद्रापलीकडच्या लोकांच्या सल्ल्याने, रीतसर परीक्षा घेऊन नेमला, यावर आजही कोणी विश्वास ठेवत नाही.

तेव्हा मी नांदुऱ्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवत असे. त्याच्या आडून माझा एक दुसरा उद्योग होता, तो माझ्या बायकोलाही नीट कळला नव्हता. काही देशांत सरकारला न रुचणाऱ्या वेबसाइट बंद करून टाकतात. त्या तिथल्या माणसांना गुपचूप उघडून देणारं एक सॉफ्टवेअर आम्ही दहाबारा जण मिळून लिहीत होतो. सॉफ्टवेअर फुकट, आणि त्याचं आतलं सगळं लिखाण जगाला वाचायला खुलं. आम्ही मात्र बंद. या कामापायी काहींच्या देशात माणूस उचलून नेत, म्हणून कोणी कोणाचा चेहरा पाहिलेला नव्हता, सगळे टोपणनावांनी वावरत. हाना नावाची एक जर्मन बाई आमची म्होरकी. तिला आणखी एक प्रोग्रामर हवा होता, जगात कुठेही बसून काम करणारा.

अर्ज आले, त्यात एक 'दणका' होता. हानाच्या ओळखीच्या एका पोलंडच्या आजीबाईंचं नाव दान्का होतं, त्यामुळे तिने त्याला दोन महिने "प्रिय बाई" असं लिहिलं. त्यानेही ते खोडून काढलं नाही. नमुन्याचं काम तपासायला माझ्याकडे आलं. काम असं तिखट होतं, की वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. मग मधेच, जिथे तो सरकारी अडसर चुकवत होता तिथे, शेजारी टीप म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं दिसलं, "इथून आत घुसाचं अन् याच्या नरड्यावर पाय द्याचा." मी खुर्चीतून पडायचाच बाकी राहिलो. आमची पोलंडची आजी वडनेर भोलजीची निघाली. एसटीने माझ्या घरापासून अर्ध्या तासावर.

शेगावला इंजिनियरिंग शिकत होता तो. मेसवाल्याला त्याच्याच पळीने मारल्यामुळे तिसऱ्या वर्षी हाकलला गेला. मग कापसाच्या हंगामात जिनिंग मिलच्या फाटकावर उभा राहू लागला. रांगेतल्या गाडीवाल्यांची भांडणं सोडवायचं काम होतं. तो स्वतः त्यात पडून ती लवकर संपवत असे.

मुलाखतीत हानाने सगळ्यांना एकच प्रश्न विचारला होता. कोण आलं, कुठून आलं, याची नोंद सॉफ्टवेअरने थोडा वेळ ठेवली तर दोष शोधणं सोपं जातं, मग ठेवावी का? बाकीच्यांनी छान छान निबंध लिहिले. दणक्याने लिहिलं, "मी पुष्कळ माणसं मारली आहेत, म्हणजे ठोकली आहेत. तिसऱ्या थपडेला प्रत्येक जण काहीतरी बोलतो. खरं ठाऊक असलं तर खरं बोलतो, नसलं तर खोटं. म्हणून काही ठेवू नका." मग हानाने विचारलं, "तुम्ही स्वतः कधी मार खाल्ला आहे का?" त्याने उत्तर दिलं, "नियमित." नेमणूक झाली.

तो माझ्याच क्लासच्या मागच्या खोलीत बसू लागला. एंटरची कळ तो अशी हाणायचा, की पुढच्या खोलीतल्या मुली दचकून टायपिंग चुकायच्या. किती कीबोर्ड मेले ते मोजणं मी सोडून दिलं. जगभरचे लोक आपलं काम त्याच्याकडे तपासायला पाठवत आणि तो त्यांना जाहीरपणे सोलून काढी. एका कॅनडावाल्याला त्याने लिहिलं, "तू हे झोपेत लिहिलंस की तुझ्या शत्रूने?" मी त्याला म्हटलं, "अरे, जरा गोडीत लिही." तो म्हणाला, "सर, याच्या चुकीनं तिकडं कोनाच्या तरी घरात पोलीस घुसन. मी तं नुस्तं बोलून राह्यलो."

मग ते बोंडअळीचं साल आलं. बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही असं पाकिटावर छापलेलं असायचं, पण अळीला वाचता येत नसे. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी लोळत पडलेली. त्यात आमच्या भागातला एक बडा बियाणेवाला स्वस्तातलं बोगस बियाणं नामांकित कंपन्यांच्या पाकिटांत भरून विकतो अशी कुजबुज होती. एके दिवशी शेतकऱ्यांच्या एका वेबसाइटवर त्याच्या गोदामाचे फोटो झळकले. पोती, रिकामी पाकिटं, भरणारे हात. लोकांनी दोन दुकानांची शटरं फोडली. बियाणेवाल्याने कुठूनशी मनाई आणली आणि ती वेबसाइट जिल्ह्यात उघडेनाशी झाली. दणका बाजाराच्या दिवशी पारावर बसला आणि येईल त्याच्या मोबाईलमध्ये आमचं सॉफ्टवेअर टाकून देऊ लागला. वेबसाइट उघडली. फोटो येतच राहिले.

बियाणेवाला पिसाळला. फोटो कोण काढतं ते शोधायला त्याने माणसं सोडली. त्यांनी नुसत्या संशयावरून एका हमालाचे दोन्ही हात वखारीच्या दारात घालून मोडले. त्या गरिबाकडे फोटोचा मोबाईलसुद्धा नव्हता. खरा माणूस सापडला असता तर जिवंत राहिला नसता, हे सगळ्यांना कळून चुकलं.

खरा माणूस कोण ते मला ठाऊक होतं. गोदामाची पोती वाहणारा टेम्पोवाला फिरोजभाई. माझ्याकडे चहाला आला की माणूस मन मोकळं करतोच, माझी ती ख्याती आहे. आणि माझ्याकडे आलेली गोष्ट माझ्या पोटात राहत नाही, ही त्याहून मोठी. दुसऱ्याच दिवशी मी मागच्या खोलीत गेलो, दार लोटलं आणि म्हणालो, "दणक्या, ते फोटो कोण काढतं माहीत आहे का?" त्याने पंजा माझ्या तोंडावर असा मारला, की ओठ दातावर फुटला. "मले नाव सांगू नका," तो म्हणाला. "तुमाले ठाऊक हाय, तेच लय वाईट झालं."

आठवड्याच्या आत ते आले. भर दुपारी, चौघं, कापडात गुंडाळलेल्या सळया घेऊन. क्लास सुटलेला होता. आम्ही दोघंच. त्यातल्या म्होरक्याने दार लावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या त्या यंत्रातून फोटो कोन टाकते?" मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगतो, मी त्यांना नुसतं बसा म्हणणार होतो. तेवढ्यात दणका वळला आणि त्याने सगळ्या जिनिंगची, सगळ्या पारांची ताकद एकवटून माझ्या जबड्यावर ठोसा मारला. कटकन आवाज झाला. मी टेबलाखाली गेलो.

"हा मास्तर लय बडबड करते," दणका त्यांना म्हणाला. "मले विचारा."

चौघं हसले. जो स्वतःच्याच माणसाकडून मार खातो त्याला काय ठाऊक असणार, असं वाटून त्यांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. मग त्यांनी दणक्याला धरलं. मी टेबलाखालून त्याचे पाय पाहत होतो. ज्या माणसाने आयुष्यात पहिला फटका कधी दुसऱ्याला घेऊ दिला नाही, तो जागचा हलला नाही. सळया पडत होत्या. हात मोडल्याचा आवाज मी ओळखला, कारण नुकताच तसलाच एक मी माझ्या तोंडात ऐकला होता. कळवळून तो एक नाव बोलला. ते ऐकून म्होरकाच गोंधळला. नाव होतं बियाणेवाल्याच्या सख्ख्या मेहुण्याचं, जो गोदाम सांभाळायचा.

पुढचं सगळ्या तालुक्याने पाहिलं. बियाणेवाल्याच्या माणसांनी मेहुण्याला भर चौकात तुडवलं. मेहुण्याचे भाऊ काठ्या घेऊन बियाणेवाल्याच्या दारात आले. बियाणेवाल्याच्या बायकोने भावापायी नवऱ्यावर पाटा उचलला. आणि रागाच्या भरात मेहुण्याने स्वतःच पोलिसांना नेऊन गोदामाचं कुलूप उघडून दिलं. त्या धामधुमीत फिरोजभाई बायकामुलांसह सासुरवाडीला निघून गेला. त्याच्या केसालाही धक्का लागला नाही.

दवाखान्यात आमच्या खाटा शेजारी होत्या. माझा जबडा तारांनी शिवलेला, त्याचा हात प्लास्टरमध्ये. माझी बायको डबा घेऊन आली ती सरळ त्याच्याकडे गेली. "भाऊ, वीस वर्षांत पहिल्यांदा दुपारची झोप मिळाली," म्हणाली, आणि त्याला पुरणपोळी भरवली. मला वरणाचं पाणी. ती गेल्यावर मी मोबाईलवर लिहून त्याला दाखवलं, "मी नाव सांगितलं नसतं."

त्याने ते वाचलं. "सर," तो म्हणाला, "तुमी तं चहा पेल्यावरच सांगता. मार लय पुढची गोष्ट हाय."

बियाणेवाला जामिनावर सुटला तेव्हा दणक्याने आपला कोणता पाहुणचार होणार ते ओळखलं. हाना म्हणाली, काम कुठूनही कर, फक्त निघ. मी त्याला स्कूटरवर शेगाव स्टेशनला सोडलं. बाकावर बसलो. भक्तांची गर्दी, लोटे, पिशव्या. मी विचारलं, "कुठे चाललास?" तो रुळांकडे पाहत राहिला. मुंबईकडची गाडी आली, थांबली, गेली. तो उठला नाही. नागपूरकडची आली, ती पण गेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिथे बसलो होतो तोवर तो कोणत्याच गाडीत चढणार नव्हता.

"निदान दिशा तरी," मी म्हणालो.

त्याने मूठ वळली आणि बोटांची पेरं माझ्या जबड्याला हलकेच टेकवली. "आजून दुखते का?"

"थंडीत."

"मंग जा, सर. बाई वाट पाहून राह्यल्या असतीन."

मी पूल उतरून बाहेर आलो. स्कूटरजवळ पोचतो तोच मागे कर्ण्यातून घोषणा सुरू झाली. कोणती तरी गाडी येत होती, आणि घोषणा करणारी बाई आता ती गाडी कुठून कुठे जाते ते सांगणार होती. मी किक मारली आणि स्कूटर इतकी रेस केली, की रिक्षावाले शिव्या देऊ लागले. घोषणा संपेपर्यंत मी मूठ सोडली नाही.