'म्या'खालची तांबडी रेघ

धाराशिवच्या टायपिंगवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या लिनक्सच्या संगणकात मराठी, उर्दू, कानडी असे तीन शब्दकोश होते. अनोळखी शब्दाखाली तांबडी रेघ यायची. मग टायपिंगवाला तो शब्द ओठांत घोळवत पडद्याकडे बघत राहायचा, जणू लांबून कुणी हाक मारतंय.

आईचं जुनं पत्र मी त्याला टाइप करायला दिलं, तर त्यातल्या 'म्या'खाली, म्हणजे आईच्या बोलीतल्या 'मी'खाली, रेघ आली. नवी मास्तरीण असताना मी हेच पत्र तांबड्या शाईनं तपासून तिला परत धाडलं होतं. तिनं ते मरेपर्यंत जपलं.

"चुकलंय का, बाबा?" मी विचारलं.

"शब्द चुकला न्हाय, आजी. कोशाला ठावं न्हाय." त्यानं 'म्या' कोशात घेतला. रेघ विरली.

मग मी त्याला 'मास्तरीण' लिहायला लावलं. खरी चूक तिची होती, तरी तिच्याखाली रेघ आली नाही. कोशाला अजून लई शिकायचंय.