पंतप्रधान अडतीस, पावाची रांग एकेचाळीस

छापखान्यात तिला सगळे सूचीबाई म्हणत. पुस्तकाच्या शेवटी जी नामसूची असते ती करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. कुणाचं नाव कोणत्या पानावर आलंय ते कार्डावर टिपायचं, कार्डं वर्णानुक्रमे लावायची, संपलं काम. मजकुरात जीव गुंतवायचा नाही, हा तिचा दंडक. त्यातून इतिहास म्हटला की तिच्या कपाळाला आठी. "मेलेल्यांची हजेरी घ्यायची नुसती," असं ती नवऱ्याला म्हणायची. तो शिंपी, हसायचा आणि मशीन चालवत राहायचा.

मग ते जाडजूड पुस्तक आलं. महायुद्धातला युरोप, तिथलं राजकारण, पुढारी, समाज. मालकांनी बजावलं, "पुढारी, सेनापती आणि लढाया, बस. आठ पानांच्या वर जायचं नाही."

पहिली शंभर पानं तिने इमानेइतबारे पंतप्रधान टिपले. एकशे बाराव्या पानावर हात थांबला. शत्रू दाराशी आलेला, वरून बॉम्ब पडतायत, आणि मंत्रिमंडळ तळघरात बसून तीन तास ठरवतंय काय, तर माणशी बटाटे किती द्यायचे! पुढे पावासाठी उभ्या असलेल्या बायका. भोंगा झाला की पांगायच्या, थांबला की मुकाट्याने आपापल्या जागी परत. कुणी कुणाच्या पुढे घुसत नव्हतं. त्याच्याही पुढे आया, मुलांच्या गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून त्यांना अनोळखी गावाच्या गाडीत बसवून देणाऱ्या.

"अहो, मशीन थांबवा जरा," ती घरी म्हणाली आणि तिने ते आयांचं पान मोठ्याने वाचलं.

नवरा मशीनवरून उठून तिच्याजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "गाडी सुटल्यावर घरी कशा गेल्या असतील गं त्या?"

दुसऱ्या दिवशी तिने नवी कार्डं काढली. आई, मुलांना निरोप देणारी. बटाटे. रांग, पावासाठी. शेवटी मोजलं तर पंतप्रधानांची पानं अडतीस आणि रांगेची एकेचाळीस. पुन्हा मोजलं. एकेचाळीसच.

सूची बारा पानांवर गेली. मालक भडकले. "बाई, ही नामसूची आहे की बाजाराची यादी?"

"साहेब, या बायकांना नावंच नाहीत. मग त्या सापडायच्या कुठे?"

मालकांनी ती सूची तशीच लेखिकेकडे धाडली. म्हटलं, त्याच कात्री लावतील.

तिसऱ्या दिवशी लेखिकाच आल्या. म्हाताऱ्या प्राध्यापक, हातात काठी, दोन जिने चढून धापा टाकत. "सूची कुणी केली?"

सूचीबाई उठून उभी राहिली. "चुकलं असेल तर काढून टाकते, मॅडम."

"अकरा वर्षं मी हे लिहीत होते," त्या सावकाश म्हणाल्या. "पंतप्रधानांपेक्षा पावाची रांग मोठी होती, हे माझ्याच पुस्तकात लिहिलेलं मला तुम्ही दाखवलंत."

मालक खाकरले. "पण मॅडम, चार पानं वाढतायत."

"माझी प्रस्तावना सहा पानांची आहे ना? दोन पुरेत." तिथेच पेन मागून घेऊन त्यांनी चार पानांवर काट मारली.

सूची छापली गेली, एकही ओळ न गाळता. सूचीबाई आता आधी पुस्तक वाचते, कार्डं मग. काम लांबतं, मालक कुरकुरतात; पण इतिहासाचं पुस्तक आलं की तिच्याच टेबलावर आणून ठेवतात. अधूनमधून असं एखादं पान येतं, की कोरं कार्ड तसंच हातात राहतं आणि शेजारच्याने हाक मारली तरी तिला ऐकू जात नाही.