नांदेडच्या फ्लॉप्या आणि बहिणीची हळद

लातूर तेव्हा नवाच जिल्हा होता. पाट्या नव्या, खुर्च्या नव्या, अन् नळ कोरडे ठणठणीत. त्या दुष्काळात मी टँकरच्या कचेरीत कॉम्प्युटर चालवायचो. गावोगावच्या टँकरची माहिती नांदेडच्या केंद्रात टाइप होऊन फ्लॉप्यांवर यायची, आणि त्यावरून आमच्याकडं चिठ्ठ्या छापायच्या. खोट्या चिठ्ठ्या दाखवून लोक टँकर पळवायला लागले म्हणून साहेबांनी हाताची चिठ्ठी बंदच केली होती. छापील चिठ्ठी असेल तरच टँकर हलणार.

अन् नेमक्या त्या खेपेला मशीन नांदेडच्या फ्लॉप्या वाचेना. घातली की घर्र घर्र करायचं आणि एरर दाखवून गप्प बसायचं. मी फ्लॉपी वाचणारं हेड स्पिरिटनं पुसलं. मशीन बंद करून चालू केलं. एक थापडही मारली, खोटं कशाला सांगू? काही उपयोग नाही. आमच्या स्वतःच्या फ्लॉप्या मात्र ते गुमान वाचत होतं. नांदेडला ट्रंककॉल लावला तर तिकडचा ऑपरेटर म्हणाला, "आमच्याकडं तर मस्त वाचून राहिलंय. तुमचंच मशीन भंगार."

माझं डोकं फिरलं. कारण दारातल्या बाकावर मावशीचे यजमान बसून होते. शिरूर अनंतपाळकडं त्यांचं किराणा दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, मांडीवर टोपी. त्यांच्या गावाला टँकर मंजूर झालेला, पण चिठ्ठी अडकलेली याच फ्लॉप्यांत. आणि परवा त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या मावसबहिणीचं, लग्न.

"बापू, उद्या पोरीला हळद लागती," काका म्हणाले. "ती उतरवायला घागरभर पाणी न्हाई घरात. देगलूरचे व्याही म्हणून राहिले, पाणी नसंल तर लग्न आमच्या दारी करा. हाव म्हणू का त्यास्नी?"

"अजिबात म्हणू नका!" मी ओरडलोच. ते दचकले. राग मशीनवरचा, निघाला त्यांच्यावर.

मी पुन्हा एकेक फ्लॉपी घालायला लागलो. बसवत नव्हतं, उभ्यानंच. ही नाही, ती नाही, आणि मधेच एक चक्क वाचली! फक्त ती दुसऱ्याच तालुक्याची निघाली. पण हीच का वाचली? उलटीसुलटी करून पाहिली. ती नवी करकरीत होती. बाकी सगळ्यांवर नांदेडच्या चिकटपट्टीखाली आमची जुनी चिकटपट्टी दिसत होती.

हे आमच्या स्टोअरचं कर्तृत्व. जुनी वस्तू जमा केल्याशिवाय नवी द्यायची नाही, हा तिथला धर्म. म्हणून आमच्याच वापरलेल्या फ्लॉप्या नांदेडला जायच्या आणि त्यांच्यावरच पुन्हा लिहून परत यायच्या. नांदेडला नुकतंच नवं मशीन आलं होतं, ते बारीक रेघेत लिहायचं. आमचं जुनं, रुंद रेघ वाचणारं. नीट न पुसलेल्या पाटीवर बारीक पेन्सिलीनं लिहावं तसं व्हायचं. आमच्या मशीनला कडेचं जुनंही दिसायचं आणि मधलं नवंही. हे इंजिनियरनं पुढं कधीतरी समजावलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की कोऱ्या फ्लॉप्या पाहिजेत.

"जुन्या जमा करा," स्टोअरकीपर म्हणाले.

"अहो, जुन्यांतच तर माहिती अडकलीय!"

"मग नव्या कशा देऊ? ऑडिटला तोंड कोण देणार, तुम्ही?"

मी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. पण काका मला बाजूला करून पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, पोरगी पिवळ्या अंगानं मांडवात उभी राहील हो." स्टोअरकीपरनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्याही घरात लग्नाची मुलगी होती. त्यांनी कपाट उघडलं आणि कोऱ्या फ्लॉप्यांचं खोकं पुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी नांदेड गाठलं. कोऱ्या फ्लॉप्यांवर सगळं पुन्हा उतरवून घेतलं. येताना ड्रायव्हरजवळची जागा मिळत होती, पण इंजिनाच्या उष्णतेनं फ्लॉप्या बिघडतील म्हणून मी मागं उभा राहिलो, खोकं छातीशी धरून. लोह्याला गाडी चहाला थांबली तर मी कंडक्टरशी भांडलो. बिचाऱ्याचा काय दोष? पण तिकडं बहिणीला हळद लागत असणार, आणि हा बाबा निवांत बशीतून चहा फुंकतोय!

संध्याकाळी मशीननं फ्लॉपी वाचली. चिठ्ठी निघाली तशी मी ती फाडून टँकरच्या ड्रायव्हरला दिली, आणि त्याच्याच शेजारी चढून बसलो.

रात्र टँकर भरायच्या रांगेत काढून लग्नाच्या सकाळी आम्ही गावात शिरलो तेव्हा अख्खं गाव घागरी घेऊन उभं होतं. मावशीनं मांडवाच्या नावानं आधी पाणी मागितलं नाही. रांगेत राहूनच घागरी भरल्या. मग परसात आडोसा बांधला, बाज टाकली आणि बाजेखाली मोठी परात ठेवली. अंगावरून निथळलेलं पाणी बैलांना जाणार होतं.

मी आडोशाच्या अलीकडं घागरी आणून ठेवत होतो. आत पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग तांब्या खाली ठेवल्याचा. आणि मग लग्नाच्या दिवशी, सगळ्या गावाची लाडकी नवरी असलेली माझी बहीण अगदी हळू म्हणाली, "आई, अजून एक तांब्या घेऊ का?"