खालची बाजू

जिन्यावरून कपाट उतरवायला दोघे लागतात आणि वजन येतं ते खालच्यावर. लग्नानंतर त्याने मेहुण्याला सामान हलवायच्या धंद्यात घेतलं तेव्हापासून वरची बाजू मेहुण्याची, खालची त्याची स्वतःची. गिऱ्हाईकंही आधी विचारायची, "खालचे तुम्हीच ना?"

उजव्या जांघेत फुगवटा आला तेव्हा त्याने कपाटाचाच इलाज स्वतःला केला. कोपरा खरचटू नये म्हणून लावतात तशी फडक्याची घडी फुगवट्यावर ठेवली आणि वरून पट्टा आवळला. संध्याकाळपर्यंत जांघ ठणकून निघायची. आडवं झालं की फुगवटा आत जाई. म्हणजे बरं होतंय, असं तो धरून चालला. बायकोला ती घडी धुण्यात सापडली आणि तिने त्याला दवाखान्यात आणून बसवलं.

बायकोने कपाटांचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी त्याला टेबलावर निजवून चाचपलं. हाताला काहीच लागेना.

"बघ, म्हटलं नव्हतं?" तो बायकोला म्हणाला.

"आडवे पडलात म्हणून. उभे राहा, मग मिरवा."

"बरोबर आहे त्यांचं," डॉक्टर म्हणाले. "उभे राहा. खोका."

तो खोकला.

"हा खोकला? मांजर याहून जोरात शिंकतं!" बायको म्हणाली.

ओझ्याखाली खोकला आला तर कपाट सुटतं, म्हणून खालचा माणूस पोट आवळून श्वास कोंडतो. ती सवय अंगात मुरलेली होती. आज ती सोडायची त्याची इच्छाही नव्हती.

"पोट सोडा," जांघेवर बोटं ठेवून डॉक्टर म्हणाले. "इथे कपाट नाही."

तो थकला होता. त्याने पोट सोडलं आणि खोकला. बोटांखाली फुगवटा टचकन वर आला. त्यालाही कळलं.

"हर्निया. पोटाची भिंत इथे कमजोर झालीय, तिथून आतडं बाहेर येतंय. झोपल्यावर आत जातं, पण बरं होत नाही. ऑपरेशन करावं लागेल. त्याआधी गाठ कडक झाली, आत जाईना, दुखून उलट्या झाल्या, तर तडक हॉस्पिटल गाठायचं."

"तोवर वरची बाजू धरली तर?"

"तोवर कुठलीच नाही."

बाहेर बाकावर बसून त्याने मेहुण्याला फोन लावला. "माणूस बघ दुसरा."

"खालचा?" मेहुण्याने विचारलं. "खाली मीच उतरतो, भाऊजी. वर कुणीही चालेल."



"वळणावर घाई करू नकोस," तो एवढंच म्हणाला आणि फोन बायकोच्या हातात दिला.